अकाई एस९५०चा फ्लॉपी ड्राइव्ह बदलायचाय? स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी उचला

जुना ड्राइव्ह काढला, गोटेक (पेन ड्राइव्हवरच्या फाइली फ्लॉपी म्हणून दाखवणारं यंत्र) बसवला, झाकण लावलं, वीज दिली, आणि सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र, इथे एस९५०) म्हणतो डिस्कच नाही. मग झाकण पुन्हा उघडा, केबल उलटी लावून बघा, जंपर (दोन पिना जोडणारा छोटा ठोकळा) हलवून बघा. दोन तासांनी घरातल्या जुन्या फ्लॉप्या आठवतात. त्या वाचायला आता ड्राइव्ह उरलेला नसतो, किंवा उलट्या केबलीने तोही गेलेला असतो.

या कामात हातसफाई फारशी लागत नाही, पण क्रम चुकला की सगळंच चुकतं. ड्राइव्ह प्रत्यक्ष बसवायला जेमतेम अर्धा तास लागतो. त्याआधीची तयारी दोन-तीन संध्याकाळी खाते, आणि यश तिथेच ठरतं. म्हणून खालचे टप्पे लिहिलेत त्याच क्रमाने करा. उदाहरण एस९५०चं घेतलं आहे, कारण सर्वांत जास्त चुका याच यंत्रावर होताना दिसतात. इतर यंत्रांत काय वेगळं असतं ते शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे.

टप्पा १: ड्राइव्ह खरंच गेला आहे का?

वाचता येत नाही म्हणजे ड्राइव्ह मेला, असं नव्हे. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ड्राइव्हच्या हेडवर (फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर) मळाचा थर बसतो, आणि हेड ज्या दांड्यांवरून सरकतं त्यावरचं वंगण चिकट होतं. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून खालचं आणि वरचं, दोन्ही हेडं हळुवार पुसा. वरचं हेड नाजूक पट्टीवर लटकलेलं असतं. ते वर उचलून धरू नका, वाकलं की संपलं. दांड्या पुसून त्यांवर हलक्या वंगणाचा एकच थेंब द्या. मग चांगली, बुरशी नसलेली फ्लॉपी घालून बघा.

पुसल्यावर ड्राइव्ह चालू लागला, तरी बदलण्याचा विचार सोडू नका. मात्र तो बाहेर काढण्याची घाईही करू नका. चालणारा मूळ ड्राइव्ह पुढच्या टप्प्यात फार कामाचा आहे.

टप्पा २: आधी फ्लॉप्या वाचवा

सर्वांत जास्त नुकसान हाच टप्पा वगळल्याने होतं.

एस९५०ची फ्लॉपी संगणकात घातली की विंडोज ती फॉरमॅट करू का, असं विचारतं. चुकून होकार दिलात तर सॅम्पल गेले. यूएसबीला जोडायचे तयार फ्लॉपी ड्राइव्हही इथे कामाचे नाहीत, कारण ते ठरावीक संगणकी फॉरमॅटच वाचतात. अकाईची रचना वेगळी आहे: ८० ट्रॅक (चकतीवरच्या गोल पट्ट्या), दोन बाजू, आणि प्रत्येक ट्रॅकवर १०२४ बाइटचे सेक्टर (पट्टीचे तुकडे). डबल डेन्सिटीला (कमी क्षमतेच्या फ्लॉपीला) ट्रॅकमागे ५ सेक्टर, हाय डेन्सिटीला (जास्त क्षमतेच्या) १०. म्हणजे ८०० किंवा १६०० किलोबाइट.

इथे ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड उपयोगी पडतो. तो एका बाजूने यूएसबीने संगणकाला आणि दुसऱ्या बाजूने ३४ पिनांच्या केबलीने साध्या, जुन्या संगणकातल्या साडेतीन इंची ड्राइव्हला जोडला जातो. त्याच्या सोबतच्या प्रोग्रॅममध्ये अकाईचे ८०० आणि १६०० असे दोन्ही फॉरमॅट तयार आहेत. फॉरमॅट निवडायचा, वाचायची आज्ञा द्यायची, फ्लॉपीची प्रत फाइल म्हणून तयार होते.

आपल्याकडे, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, आणखी एक अडचण आहे: बुरशी. पावसाळे खाल्लेल्या फ्लॉपीचं धातूचं सरकतं झाकण बाजूला करा, पाठीमागची चकती बोटाने फिरवा आणि उजेडात तिरकी धरून पृष्ठभाग बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडवर घासून बसते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. माझ्याकडून एकदा असंच झालं होतं. एका फ्लॉपीच्या बुरशीने पुढच्या दोन फ्लॉप्यांवर गोल चरा पडला आणि त्यातले आवाज परत मिळाले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपी आधी फिरवून बघतो आणि संशयास्पद फ्लॉप्यांचा वेगळा गठ्ठा करतो. त्या सगळ्यात शेवटी वाचायच्या, आणि प्रत्येकीनंतर हेड पुसायचं.

*तपासा:* वाचन संपलं की किती सेक्टर सापडले ते प्रोग्रॅम सांगतो. हाय डेन्सिटीला १६०० पैकी १६००, डबल डेन्सिटीला ८०० पैकी ८०० हवेत. एक जरी कमी असेल तर हेड पुसून पुन्हा वाचा. तरीही जमत नसेल, तर सॅम्पलरचा मूळ ड्राइव्ह ग्रीझवीझलला जोडून बघा. हेड किंचित सरकलेल्या ड्राइव्हने लिहिलेल्या फ्लॉप्या कधीकधी त्याच ड्राइव्हवर नीट वाचल्या जातात.

*इशारा:* फ्लॉपीवरची लिहिण्यास मनाई करणारी खिडकी उघडी करून मगच ती ड्राइव्हमध्ये घाला. प्रत्येक वेळी.

टप्पा ३: बदली ड्राइव्ह निवडणं

संगणकातला जुना ड्राइव्ह सरळ आत बसेल, असं अनेकांना वाटतं. स्क्रू बसतात, केबलही बसते, काम होत नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, संगणकी ड्राइव्ह स्वतःला दुसऱ्या क्रमांकाचा समजतो. संगणकात केबलीतला पीळ ते सांभाळतो, पण सॅम्पलरची केबल सरळ असते. दुसरं, ३४व्या पिनेवर सॅम्पलरला ‘तयार आहे’ हा संकेत हवा असतो, तर संगणकी ड्राइव्ह तिथे ‘डिस्क बदलली’ हा संकेत देतो. तिसरं, एस९५०ला आत डबल डेन्सिटीची फ्लॉपी आहे की हाय डेन्सिटीची, हे ड्राइव्हनेच सांगावं लागतं. मूळ ड्राइव्ह हे फ्लॉपीच्या कोपऱ्यातल्या भोकावरून ओळखतो.

म्हणून सोपा मार्ग म्हणजे गोटेक, आणि त्यात कीर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम). ग्रीझवीझलही त्यांचंच आहे. कारखान्यातून येणाऱ्या मूळ फर्मवेअरसह गोटेक बसवू नका. ते संगणकी फॉरमॅटसाठी बनवलेलं आहे आणि अकाईचे १०२४ बाइटचे सेक्टर त्याला जमत नाहीत.

विकत घेताना फ्लॅशफ्लॉपी आधीच भरलेलं मिळत असेल तर तेच घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण एक अख्खा टप्पा वाचेल. छोट्या ओएलईडी पडद्याचा मिळाला तर उत्तम. तीन आकड्यांच्या पडद्यावर ३७ दिसलं तर ३७ म्हणजे कोणते ड्रम, हे कागदावर लिहून ठेवावं लागतं.

टप्पा ४: फर्मवेअर (आधीच भरलेलं असेल तर पुढे जा)

गोटेकच्या आतली चिप कोणती आहे ते बघा. जुन्या बोर्डांवर एसटीएम३२ असते, नंतरच्यांवर आर्टेरीची एटी३२. दोन्हींसाठी फ्लॅशफ्लॉपी आहे, पण भरण्याचा संगणकी प्रोग्रॅम वेगवेगळा. बोर्डावरचा प्रोग्रॅमिंगचा जंपर जोडायचा, दोन्ही टोकांना मोठं यूएसबी असलेल्या केबलीने गोटेक संगणकाला लावायचा, फर्मवेअर भरायचं, जंपर काढायचा.

*इशारा:* यूएसबीने वीज मिळत असताना गोटेकच्या मागच्या वीजजोडणीत दुसरी वीज देऊ नका. एका वेळी एकच स्रोत.

पुढच्या आवृत्त्या घालणं सोपं आहे. नवी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवायची आणि दोन्ही बटणं दाबून धरून वीज द्यायची.

टप्पा ५: पेन ड्राइव्ह टेबलावरच तयार करा

लहान क्षमतेचा, चांगल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीचा घेऊन काही मिळत नाही. हजार हाय डेन्सिटी फ्लॉप्यांना मिळून दोन जीबीही लागत नाहीत.

त्याच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता, ‘एफएफ डॉट सीएफजी’ ही साधी मजकूर फाइल ठेवायची. फ्लॅशफ्लॉपीसोबत तिचा नमुना मिळतो. त्यातल्या तीन ओळी बदला (किमती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या):

- ‘इंटरफेस’ या ओळीत: अकाई-एस९५०
- ‘होस्ट’ या ओळीत: अकाई
- ‘नॅव्ह-मोड’ या ओळीत: इंडेक्स्ड

पहिली ओळ संकेत ठरवते. एस९५०ला हवे असलेले ‘तयार’ आणि ‘डेन्सिटी’ हे संकेत याच पर्यायाने मिळतात. दुसरी ओळ फाइल कशी वाचायची ते ठरवते, आणि नेमकी हीच ओळ विसरली जाते. एन्सोनिक एएसआर-१०ची फ्लॉपीही १६०० किलोबाइटचीच असते, फक्त तिच्या ट्रॅकवर ५१२ बाइटचे २० सेक्टर असतात. दोन्हींची फाइल बरोबर १६,३८,४०० बाइटची. फाइलीच्या आकारावरून गोटेकला फरक ओळखता येणं शक्यच नाही. तुम्हीच सांगायला हवं.

तिसऱ्या ओळीमुळे फाइलींना क्रमांक मिळतात. नावाची सुरुवात डीएसकेए या चार अक्षरांनी, पुढे चार आकडी क्रमांक ०००० पासून, आणि त्यानंतर हवं तर खालची रेघ देऊन स्वतःचं नाव. शेवटी डॉट आयएमजी. टप्पा २ मधल्या प्रती अशा नावांनी ठेवा. ०००० या क्रमांकावर मात्र कोरी फाइल असू द्या, म्हणजे चाचणीत चूक झाली तरी मौल्यवान प्रतीवर लिहिलं जाणार नाही. कोरी फाइल नेमकी १६,३८,४०० बाइटची हवी. एखाद्या वाचलेल्या हाय डेन्सिटी प्रतीची नक्कल करून तिचं नाव बदललंत तरी चालेल, सॅम्पलर ती फॉरमॅट करेलच.

*तपासा:* विंडोज फाइलींची शेपटं लपवतं. त्यामुळे तुमच्या नकळत फाइलीचं नाव ‘एफएफ डॉट सीएफजी डॉट टीएक्सटी’ झालेलं असू शकतं. शेपटं दाखवण्याची सोय चालू करून बघा. ‘सगळं बरोबर केलं तरी चालत नाही’ अशा कितीतरी प्रकरणांच्या मुळाशी हीच चूक निघते.

*तपासा:* गोटेकला यूएसबीने किंवा वेगळ्या ५ व्होल्टच्या स्रोताने वीज देऊन पेन ड्राइव्ह लावा. क्रमांक किंवा नाव दिसलं पाहिजे, बटणांनी पुढे-मागे जाता आलं पाहिजे. इथे जमत नसेल तर सॅम्पलरमध्येही जमणार नाही.

टप्पा ६: यंत्र उघडण्याआधी

पाठीमागच्या लेबलवर व्होल्टेज वाचा. जपानमधून आलेली यंत्रं १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावली की ड्राइव्हचा प्रश्न फार छोटा वाटू लागेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि यंत्रावर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा घ्या.

वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नका. पडद्यामागच्या जुन्या ईएल बॅकलाइटला चालवणारं छोटं सर्किटही यंत्र चालू असताना चांगलाच झटका देतं. आत हात घालण्याआधी लोखंडी चौकटीला स्पर्श करून अंगातला स्थिर विद्युतभार जाऊ द्या.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा: केबलीची लाल कड कुठल्या बाजूला आहे, वीजजोडणी कशी बसली आहे, जुन्या ड्राइव्हवरचा जंपर किंवा छोटा सरकता स्विच कुठे आहे. हा शेवटचा फोटो विसरू नका, पुढच्या टप्प्यात लागेल.

टप्पा ७: मोजा, मग जोडा

*वीज.* साडेतीन इंची ड्राइव्हच्या नेहमीच्या चार पिनी जोडणीत एका टोकाला ५ व्होल्ट, मध्ये दोन ग्राउंड, आणि दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट असतात. गोटेकला फक्त ५ लागतात. जोडणी उलटी बसली तर १२ व्होल्ट ५च्या वाटेने आत शिरतात आणि गोटेक जागच्या जागी जातो. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. जुना ड्राइव्ह सोडवल्यावर, जोडणी मोकळी असताना यंत्र क्षणभर चालू करून मल्टीमीटरने मोजा. मोजताना टोकं दोन पिनांना एकदम टेकू देऊ नका. मोजलं की पुन्हा बंद, पुन्हा वायर भिंतीतून बाहेर.

*केबल.* ३४ पिनांपैकी सगळ्या विषम क्रमांकाच्या पिना ग्राउंड असतात. यंत्र पूर्ण बंद ठेवून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) ठेवा, एक टोक चौकटीला लावा आणि केबलीच्या मोकळ्या टोकाची कुठली ओळ सतत वाजते ते बघा. हीच तपासणी गोटेकच्या जोडणीवर त्याच्या ग्राउंडच्या संदर्भात करा. वाजणाऱ्या ओळी समोरासमोर आल्या पाहिजेत. लाल कड आणि खाच या खुणा बहुधा बरोबर असतात, पण गोटेकच्या काही बोर्डांवर खाचच नसते. दोन मिनिटांचं मोजणं सगळा संशय मिटवतं.

*जंपर.* जुन्या ड्राइव्हवर निवड ०ची असेल तर गोटेकवर एस० जोडा, १ची असेल तर एस१. दोन्ही एकाच वेळी नकोत.

केबलीच्या टोकाचं प्लॅस्टिक तीस वर्षांनी ठिसूळ झालेलं असतं. ओढायचं असेल तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचलत काढा. तार धरून ओढलंत तर तुटेल. नवी केबल लागलीच तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ३४ पिनांची सरळ, पीळ नसलेली केबल मागा. संगणकासाठीची पीळ असलेली केबल माथी मारली जाते.

टप्पा ८: झाकण न लावता चाचणी

गोटेक अजून चौकटीत बसवू नका. जाड पुठ्ठ्यावर ठेवून, बोर्डाचा कुठलाही भाग धातूला लागत नाही हे बघून वीज द्या. मग या क्रमाने:

१. सॅम्पलरच्या डिस्क पानावर जाऊन ०००० ही कोरी फाइल हाय डेन्सिटी म्हणून फॉरमॅट करा. गोटेकला ओएलईडी पडदा असेल तर त्यावर ट्रॅकचा आकडा सरकताना दिसला पाहिजे.

२. दोन सेकंदांचा कुठलाही आवाज रेकॉर्ड करून सेव्ह करा.

३. यंत्र बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा, तोच आवाज लोड करा आणि ऐका. नाव यादीत दिसणं पुरेसं नाही, आवाज ऐकायलाच हवा.

४. बटणाने दुसऱ्या क्रमांकावर जा आणि यादी पुन्हा मागवा. जुनीच यादी दिसत असेल तर संकेतांची ओळ चुकली आहे.

५. तुमच्या डबल डेन्सिटीच्या एखाद्या प्रतीवरून लोड करून बघा. एस९५०वर फक्त हाय डेन्सिटीची चाचणी करून समाधान मानणारे महिन्याभराने अडकतात.

काही बिघडलं तर लक्षणावरून शोधा. गोटेक पेटतो, पण सॅम्पलर त्याच्याकडे वळूनच बघत नाही: निवडीचा जंपर. यंत्र चालू केल्यापासून ड्राइव्ह सतत निवडलेला दिसतो आणि काहीच वाचत नाही: केबल उलटी, लगेच बंद करा. ‘डिस्क नाही’ किंवा ‘तयार नाही’ अशी तक्रार: इंटरफेसची ओळ. यादी येते पण लोड करताना चूक येते, किंवा फॉरमॅट मध्येच थांबतं: होस्टची ओळ, फाइलीचा आकार, मग पेन ड्राइव्ह. याच क्रमाने बघा.

*इशारा:* सेव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह काढू नका, क्रमांकही बदलू नका. सेव्ह संपल्यावरही गोटेकची लिहिण्याची हालचाल थांबेपर्यंत थांबा.

टप्पा ९: आता स्क्रूड्रायव्हर

साडेतीन इंची ड्राइव्हला एम३ स्क्रू लागतात. जुनेच वापरा. लांब स्क्रू गोटेकच्या बोर्डावर टेकतो आणि शॉर्ट होतो. मूळ ड्राइव्हचं तोंड आणि गोटेकचं तोंड सारखं नसतं, त्यामुळे समोरच्या खिडकीची रुंदी-उंची आधी मोजा. फट राहत असेल तर थ्रीडी प्रिंट केलेली पट्टी लावा. यंत्राचा मूळ पत्रा कापू नका. केबल झाकणाखाली चिरडत नाही ना, पंखा असेल तर त्याच्या पात्यांत जात नाही ना, हे बघा. झाकण लावा, टप्पा ८ मधली तिसरी चाचणी पुन्हा करा.

इतर यंत्रांत काय बदलतं

एन्सोनिक मिराज, ईपीएस, एएसआर-१० आणि ई-म्यूचा ईमॅक्स ही यंत्रं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमच फ्लॉपीवरून उचलतात. त्यांच्यात ०००० क्रमांकावर कोरी फाइल नको, सिस्टिमची प्रत हवी, नाहीतर यंत्र सुरूच होणार नाही. एन्सोनिकला होस्टच्या ओळीत ‘एन्सोनिक’ लिहा. मिराजची फ्लॉपी तर आणखी वेगळी: एकाच बाजूची, प्रत्येक ट्रॅकवर १०२४ बाइटचे ५ सेक्टर आणि ५१२चा एक. अकाईचाच एमपीसी २००० संगणकी १.४४ एमबीच्या फ्लॉप्या वापरतो, म्हणून त्याच्या प्रती काढणं सर्वांत सोपं. एखाद्या यंत्रात ३४ पिनांच्या केबलीऐवजी २६ पिनांची पातळ फिल्म दिसली, तर जोडणी बदलणारा बोर्ड आधी मागवा, मगच यंत्र उघडा.

काम झाल्यावर

पेन ड्राइव्हची पूर्ण नक्कल संगणकावर ठेवा आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवरही उतरवून घ्या. दर मोठ्या सत्रानंतर ही नक्कल नव्याने करा.

जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका. हेड पुसून, जंपर होता तिथेच ठेवून, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा आणि पिशवीवर यंत्राचं नाव आणि तारीख लिहा. त्याच ड्राइव्हने लिहिलेली एखादी फ्लॉपी पुढे कधी कपाटाच्या तळाशी सापडली, तर ग्रीझवीझलला जोडायला तोच लागेल.